मूळव्याध: लाजेपोटी अंगावर काढू नका, तपासल्याशिवाय पैसे घालू नका

पेण आणि रोह्याकडच्या वाचकांकडून एक प्रश्न सतत येतो, आणि तो बहुधा दबक्या आवाजात विचारलेला असतो. "संडासला रक्त पडतंय, मूळव्याधच असेल ना? ऑपरेशन करावंच लागेल का? बिनाऑपरेशनचा कुणी चांगला माहीत आहे का?" अनेकांनी हा प्रश्न डॉक्टरांना विचारलेलाच नसतो. आधी शेजाऱ्याचं चूर्ण घेऊन झालेलं असतं, मग बाजारातल्या एखाद्या फलकावरचा नंबर फिरवलेला असतो, आणि मधल्या काळात महिने, कधी वर्षं निघून गेलेली असतात.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. मूळव्याधीच्या बहुतेक रुग्णांना ऑपरेशन लागत नाही. पण रक्त जातंय, तर ते मूळव्याधीचंच आहे हे लायक डॉक्टरने एकदा तरी डोळ्यांनी पाहून सांगायलाच हवं. ही तपासणी पाच-दहा मिनिटांची असते, आणि ती टाळल्यामुळे जेवढं नुकसान होतं तेवढं खुद्द मूळव्याधीनेही होत नाही.

आधी ओळखा: सगळंच मूळव्याध नसतं

आपल्याकडे त्या जागेच्या कुठल्याही दुखण्याला 'मूळव्याध' म्हणण्याची पद्धत आहे. त्यातूनच निम्मा गोंधळ होतो, कारण दुखणी वेगळी आणि त्यांचे उपचारही वेगळे.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच जन्मापासून असतात. वारंवार कुंथल्याने, कडक शौचाने, गरोदरपणातल्या दाबाने त्या फुगतात आणि खाली सरकतात. तेव्हा त्यांना मूळव्याध म्हणायचं. तुमचा त्रास यातला कुठला वाटतो ते पाहा:

- आतली मूळव्याध: शौचाच्या वेळी लालभडक रक्त, थेंबथेंब किंवा पिचकारीसारखं, पण दुखत नाही. पुढे कोंब बाहेर येतो. 'रक्ती मूळव्याध' म्हणतात ती बहुधा हीच.
- बाहेरच्या कोंबात गोठलेलं रक्त: एका दिवसात अचानक आलेली निळसर, टणक, अतिशय दुखणारी गाठ. बसवत नाही.
- फिशर, म्हणजे चीर: शौचाच्या वेळी कापल्यासारखी वेदना, नंतरही तास-दोन तास आग. रक्त थोडंच, कागदाला किंवा बोटाला लागण्याइतकं. 'कोरडी मूळव्याध' म्हणून वर्षानुवर्षं सोसणाऱ्या पुष्कळांना प्रत्यक्षात फिशर असतं. लहान मुलांनाही बहुतेक वेळा हेच होतं.
- गळू आणि भगंदर: ठणका, सूज, ताप असेल तर गळू. शेजारी बारीक भोक पडून त्यातून पू किंवा पाणी येत राहिलं तर भगंदर. भगंदर मलमाने भरत नाही.
- आतड्याचा दुसरा आजार: रक्त शौचात मिसळलेलं, सोबत आव किंवा चिकट स्राव, पोट साफ झाल्यासारखं न वाटणं. यात आतड्याची सूज असू शकते, गाठ असू शकते, कर्करोगही असू शकतो.

या शेवटच्या ओळीमुळेच हा लेख लिहावासा वाटला. गुदाशयाच्या कर्करोगात सुरुवातीला दुखत नाही. रक्त पडतं आणि घरातले म्हणतात, "उष्णता झाली असेल, ताक पी." आपल्या देशात हा कर्करोग तिशी-चाळिशीतही दिसतो. तेव्हा "माझं काय वय आहे?" म्हणून कुणी निश्चिंत राहू नये.

यातलं काही असेल तर वाट पाहू नका

त्याच दिवशी दवाखाना गाठा:

- रक्त थांबत नाही, गाठी पडतायत, चक्कर येतेय, घाम फुटतोय.
- त्या जागी ठणका आणि ताप, विशेषतः तुम्हाला मधुमेह असेल तर. मधुमेहात तिथलं गळू काही तासांत पसरू शकतं.
- बाहेर आलेला कोंब आत जात नाही, काळानिळा पडलाय.
- शौच डांबरासारखं काळं आणि चिकट आहे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना तसं सांगा.)

आठवडाभराच्या आत तपासून घ्या:

- वय चाळिशीच्या पुढे आणि रक्त पहिल्यांदाच दिसलं आहे.
- वजन उतरतंय, भूक गेलीय, दम लागतोय, चेहरा पांढुरका पडलाय.
- शौचाची सवय तीन-चार आठवड्यांपासून बदलली आहे.
- आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. ती मनाने बंद करू नका. हृदयासाठी दिलेली गोळी मूळव्याधीसाठी सोडल्याने जिवावर बेतू शकतं.

यकृताचा आजार असेल किंवा दारू अनेक वर्षांची असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. अशा रुग्णांत गुदाशयातल्या शिरा वेगळ्या कारणाने फुगतात आणि त्यांवर मूळव्याधीसाठी लावतात तसा रबर बँड लावणं धोक्याचं असतं.

घरी काय करायचं: सहा आठवडे नेटाने

डॉक्टरांनी "साधी मूळव्याध आहे, सुरुवातीची आहे" असं सांगितलं, की खरा उपचार तुमच्या ताटात आणि संडासात आहे. जेवणातला चोथा म्हणजे तंतुमय भाग वाढवला, तर रक्त पडण्याचं प्रमाण निम्म्यापर्यंत खाली येतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. मात्र दोन दिवसांत फरक मागू नका. सहा आठवडे द्या.

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. आता आपलं जेवण पाहा: दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी, सोबत सुकट नाहीतर बोंबलाचं कालवण. चवीला याला तोड नाही. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार सडीक तांदळात शंभर ग्रॅममागे चोथा तीन ग्रॅमपेक्षाही कमी, तर नाचणीत आणि गव्हाच्या पिठात सुमारे अकरा ग्रॅम. मासळीत तो अजिबातच नाही. म्हणजे मासे 'गरम' पडतात म्हणून मूळव्याध होते असं नव्हे. ताटात मासे-भाताच्या जोडीला काहीच नसतं, म्हणून पोट साफ होत नाही. मासे सोडू नका, जोडीला भाजी घ्या.

बदल असे करता येतील:

- भाकरीच्या तांदळाच्या पिठात चौथा हिस्सा नाचणीचं पीठ मिसळा. घरच्यांना चव रुळली की निम्म्यावर न्या.
- वाल तर आपल्या रायगड जिल्ह्याचे. बिरड्यासाठी सोलले की सालातला चोथा जातो. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा चवळी, मटकी, कुळीथ सालासकट खा. थंडीत पोपटीतल्या शेंगांचे दाणे सालीसकट खाल्ले जातात, ते उत्तमच.
- पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी आणि एरवी लाल माठ, शेवग्याची पानं, अळू, केळफूल, भेंडी. रोज निदान दोन वाट्या भाजी हवी.
- पेरू, पपई, चिकू, पिकलेलं केळं. रस काढून नको, फळ तसंच खा.
- सुरण आयुर्वेदात या आजारावर सांगितला आहे. आमसूल किंवा चिंच घालून भाजी जरूर करा. मात्र सुरण खाल्ला म्हणून तपासणी टाळू नका.

चोथा एकदम वाढवला तर पोट फुगतं, म्हणून दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवा.

इसबगोल हा स्वस्त आणि भरवशाचा उपाय. रात्री एक ते दोन चमचे, पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी. कोरडं कधीही गिळू नका, घशात फुगून अडकतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. याची सवय लागते ही भीती निराधार आहे. सवय लागण्याचा प्रश्न येतो तो सोनामुखीच्या चूर्णांबाबत. ती महिनोन्‌महिने रोज घेऊ नयेत.

पाण्याचं बोलायचं तर "भरपूर पाणी प्या" असं पेणच्या खारेपाटातल्या वाचकांना सांगताना मला संकोच वाटतो. वाशी, वढाव, शिर्की या बाजूला उन्हाळ्यात हंडाभर गोड्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. हेटवणे धरण याच तालुक्यात असून तिथलं पाणी नवी मुंबईला जातं आणि खारेपाटातल्या बाया रात्री नळाशी जागतात. तिथली बाई सगळ्यांना पाणी देऊन उरेल ते पिते, आणि तिलाच बद्धकोष्ठ होतो. तरीही सांगतो: घरात पाणी मोजून वापरायचं असेल तर कपात धुण्याभांड्यांत करा, पिण्यात नको. मोठ्या माणसाला दिवसात साधारण आठ-दहा पेले लागतात. पेज, ताक, आमटी, कढण हेही त्यात धरा. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

संडासातली शिस्त:

- कळ आली की जा. दाबून ठेवू नका आणि कळ नसताना कुंथत बसू नका.
- पाच मिनिटांत उठा. झालं नाही तर परत जाता येतं.
- मोबाइल बाहेर ठेवा. बोस्टनमधल्या एका रुग्णालयात कोलोनोस्कोपीसाठी आलेल्या १२५ जणांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. संडासात फोन वापरणाऱ्यांत मूळव्याधीचा धोका ४६ टक्क्यांनी जास्त आढळला. फोनमुळेच ती होते असं यातून सिद्ध होत नाही, पण बसण्याचा वेळ वाढतो हे स्पष्ट दिसलं.
- कमोडवर बसत असाल तर पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या. गुडघे कमरेच्या वर आले की शौच सहज होतं.
- धुताना घासू नका, साबण, डेटॉल वापरू नका. पाण्याने धुऊन मऊ कपड्याने टिपा.

दुखत असेल तर टबात किंवा रुंद घमेल्यात सोसवेल इतकं कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा. मीठ, तुरटी, पोटॅशियम परमँगनेट यांची गरज नाही. मलम लावाल तर नळीवरचं नाव पाहा: स्टेरॉइड असलेलं मलम आठवड्यापेक्षा जास्त लावलं तर तिथली कातडी पातळ होते. मलमाने आग कमी होते, कोंब मात्र जात नाही.

तिखटाचं काय? तिखटाने मूळव्याध होत नाही. मात्र फिशर असेल तर जाळ होतो, तेव्हा चीर भरेपर्यंत तिखट कमी करा.

कामाच्या जागी

पेण, हमरापूर, जोहे, तांबडशेतच्या गणपती कारखान्यांत हंगामाच्या शेवटच्या दोन महिन्यांत माणसं रात्र-रात्र मांडी घालून बसलेली असतात. रंगकाम, मग डोळ्यांची आखणी. हात थांबवायचा नाही म्हणून पाणी कमी प्यायचं, कळ दाबायची, वेळी-अवेळी वडापाववर भागवायचं. नुसतं बसल्याने मूळव्याध होते असं ठाम म्हणता येत नाही, पण दाबून ठेवलेली कळ आणि कोरडं पोट यांनी ती नक्की बळावते. तासाभराने उठून पाच मिनिटं फिरा. कारखानदार हा लेख वाचत असतील तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: कामाला येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारा संडास करा. तो नसल्यामुळे त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत.

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत पाळ्या बदलतात तशी शौचाची वेळही बिघडते. रात्रपाळीवाल्यांनी घड्याळाकडे न पाहता उठल्यानंतरच्या पहिल्या जेवणाकडे पाहावं. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासात आतडं आपसूक हालचाल करतं, तीच वेळ ठरवून घ्या. कारखान्यात पुरेशी, स्वच्छ आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळी शौचालयं असणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. ती काही कामगारावर केलेली मेहेरबानी नव्हे.

मिनीडोअर, ट्रक, डंपर चालवणाऱ्यांनी मुंबई-गोवा महामार्गावर स्वच्छतागृह कुठे आहे ते एकदा पाहून ठेवावं आणि घरून डबा घ्यावा. मधे भोक असलेली गोल उशी फार वेळ वापरू नका, तिच्याने उलट सूज वाढू शकते. साधी मऊ उशी बरी.

तपासणीत काय होतं

भीती मुख्यतः याचीच असते, म्हणून सांगतो. तुम्हाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. डॉक्टर बाहेरून पाहतात, हातमोजा घालून वंगण लावलेलं बोट आत फिरवतात, मग बोटभर लांबीची प्रॉक्टोस्कोप नावाची नळी घालून आत बघतात. फिशरची वेदना खूप असेल तर बोटाची तपासणी त्या दिवशी टाळताही येते. "दुखतंय, थांबा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चाळिशीनंतर किंवा वरची धोक्याची लक्षणं असतील तर कोलोनोस्कोपी सांगतात. ती नाकारू नका. रक्त बरेच दिवस जात असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. थकवा उन्हाचा वाटत असतो आणि हिमोग्लोबिन सहावर आलेलं असतं.

बायकांसाठी: पुरुष डॉक्टर तपासत असतील तर खोलीत स्त्री कर्मचारी किंवा तुमची सोबतीण असणं हा तुमचा हक्क आहे, तो मागून घ्या. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर मूळव्याध होणं अगदी सामान्य आहे, आणि बहुतेकींची ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते. या काळात इसबगोल आणि कोमट पाणी चालतं. कुठलंही चूर्ण किंवा गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लोहाच्या गोळ्यांनी शौच कडक होतं म्हणून त्या परस्पर बंद करू नका, गोळी बदलून मागा.

उपचाराचे पर्याय: पायरी पाहून निवडा

आतल्या मूळव्याधीच्या चार पायऱ्या असतात. पहिलीत फक्त रक्त. दुसरीत कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने आत सारावा लागतो. चौथीत आत जातच नाही. डॉक्टरांना थेट विचारा, "माझी पायरी कितवी?" हे कळल्याशिवाय खर्चाचं बोलणं करू नका.

- पहिली: आहार, इसबगोल, सवयी. काहींना सूज उतरवणाऱ्या गोळ्या.
- पहिली-दुसरी आणि लहान तिसरी, घरगुती उपायांनी न आवरलेली: कोंबाच्या मुळाशी रबर बँड. भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी. पाच-दहा दिवसांत कोंब सुकून गळतो, तेव्हा थोडं रक्त जातं. एकापेक्षा जास्त वेळा करावं लागू शकतं. बँडनंतर ताप, वाढती वेदना, लघवी अडकणं यातलं काही झालं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. फार क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. बँडऐवजी औषधाचं इंजेक्शनही देतात. तो मान्यताप्राप्त उपचार आहे, फक्त तो प्रशिक्षित शल्यचिकित्सकाच्या हातून व्हायला हवा.
- मोठी तिसरी आणि चौथी: ऑपरेशन. कोंब कापून काढण्याची जुनी पद्धत दुखते, दोन ते चार आठवडे त्रास होतो, पण मूळव्याध परतण्याचं प्रमाण तिच्यात सर्वांत कमी. स्टेपलर आणि लेझरमध्ये वेदना कमी, खर्च जास्त, आणि त्रास परतण्याची शक्यताही जास्त. ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर झालेली तुलना २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. दोन वर्षांनी त्रास परतलेले स्टेपलरमध्ये शंभरात ४२, जुन्या पद्धतीत २५. "लेझर म्हणजे सर्वोत्तम" असं कुणी सांगत असेल तर "परत झालं तर काय?" हे विचारा.
- बाहेरची गाठ: पहिल्या दोन-तीन दिवसांत आलात तर जागच्या जागी भूल देऊन काढता येते. नंतर आलात तर बहुधा न कापणंच बरं, ती आठवडा-दोन आठवड्यांत जिरते.
- फिशर: शौच मऊ ठेवणं आणि स्नायू सैल करणारं मलम सहा ते आठ आठवडे. बहुतेक ताज्या चिरा भरतात.
- भगंदर: इथे ऑपरेशन किंवा क्षारसूत्र, म्हणजे क्षार लावलेला औषधी दोरा. क्षारसूत्राची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने घेतलेली चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. भरायला ऑपरेशनच्या दुप्पट, सुमारे आठ आठवडे लागले, पण परत होण्याचं प्रमाण चार टक्के, ऑपरेशनमध्ये अकरा टक्के. हा दोरा आयुर्वेदात शल्यतंत्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्याकडूनच घालून घ्यावा.

'गॅरंटी'च्या फलकांपुढे थांबा

"मूळव्याध, भगंदर, फिशर: बिनाऑपरेशन, एका इंजेक्शनमध्ये, गॅरंटीसह." स्टँडच्या भिंतीवर, रेल्वेच्या डब्यात असे कागद दिसतात. वर पाहिलंत, ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्हींवर एकच इंजेक्शन देणारा तुम्हाला न तपासताच उपचार करतोय. चुकीच्या जागी टोचलेल्या औषधाने किंवा लावलेल्या क्षाराने गळू होतं, जागा आकसून शौचाची वाट अरुंद होते, शौचावरचा ताबाही जाऊ शकतो. तिथून परत येणं फार अवघड असतं.

पैसे देण्याआधी:

- भिंतीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहा. ॲलोपॅथीची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आयुर्वेदाची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते.
- लेटरहेडवर नाव, निदान आणि औषधांची नावं लिहून मागा. कागदाच्या पुडीतलं बिननावाचं औषध घेऊ नका.
- पावती मागा. "पावती नसते" म्हटलं की उठा.
- "आजच करा, आज सूट आहे" हे ऐकलंत की घरी या. चौथ्या पायरीचा अडकलेला कोंब सोडला तर मूळव्याधीत आजच्या आज ऑपरेशन क्वचितच लागतं.

नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार गुन्हा आहे. तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि पोलिसांकडे लेखी करा, पोच घ्या.

कुठे जायचं, खर्च कसा भागवायचा

पेण आणि रोहा, दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे, त्यापुढे अलिबागचं जिल्हा रुग्णालय. सुरुवात इथूनच करा. शल्यचिकित्सक कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून जा, म्हणजे मजुरी बुडवून केलेला हेलपाटा वाया जात नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. कर्करोगाची शंका निघाली तर टाटा स्मारकाचं ॲक्ट्रेक खारघरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजना: २०१२ साली ती जीवनदायी नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आता शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण एक अडचण लक्षात घ्या: योजनेतले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयातच मोफत मिळतात. म्हणून खासगी रुग्णालयात दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, "माझ्या निदानाचा उपचार या रुग्णालयात योजनेत बसतो का?" उत्तर पटलं नाही तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा. शिधापत्रिका आणि आधार जवळ ठेवा.

ईएसआय (कामगार राज्य विमा योजना): पगारातून हप्ता कापला जात असेल तर उपचार तर मिळतातच, पण हजेरीची अट पूर्ण होत असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कमही मिळते. ठेकेदाराकडे असलात तरी हा हक्क आहे. पगारपत्रकावर क्रमांक तपासा.

खासगी विमा: बहुतेक पॉलिसींत मूळव्याध, फिशर, भगंदर यांना पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. नवी पॉलिसी काढून लगेच ऑपरेशनला गेलात तर दावा नाकारला जाईल.

रुग्ण म्हणून तुमचे हक्क

खासगी रुग्णालयांना २०२१च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. त्याखेरीज:

- काय आजार, कोणते पर्याय, किती खर्च, काय धोके हे मराठीत, समजेल असं सांगून मगच सही घ्यायला हवी. तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.
- दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं, आणि त्यासाठी कागदपत्रं मागता येतात. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात.
- औषधं बाहेरच्या दुकानातून घ्यायची मुभा आहे.
- बिल तपशीलवार मागा. नुसता 'पॅकेज' हा शब्द पुरेसा नाही.

ऑपरेशन झालंच तर

पहिलं शौच दुखतं, त्याला सगळेच घाबरतात आणि जेवण कमी करतात. तसं केल्याने शौच कडक होऊन दुप्पट दुखतं. पहिल्या दिवसापासून इसबगोल आणि पाणी चालू ठेवा, वेदनेची गोळी वेळेवर घ्या, दुखायची वाट पाहू नका. प्रत्येक शौचानंतर कोमट पाण्यात बसा. थोडं रक्त, थोडा पिवळसर स्राव दोन आठवडे चालतो. मात्र सातव्या ते चौदाव्या दिवसांत एकदम भरपूर रक्त गेलं तर लगेच रुग्णालयात या, म्हणून त्या काळात लांबचा प्रवास ठरवू नका. ऑपरेशनच्या दिवशी सहा-आठ तास लघवी झाली नाही तर परिचारिकेला सांगा.

बैठ्या कामाला साधारण दोन आठवड्यांनी, ओझी उचलण्याच्या किंवा वाहन चालवण्याच्या कामाला तीन-चार आठवड्यांनी जाता येतं. भात लावणी, कापणी किंवा गणपतीचा हंगाम तोंडावर असेल आणि तुमचं ऑपरेशन तातडीचं नसेल, तर तसं सांगून पुढची तारीख मागा. काढलेला कोंब तपासणीला पाठवला असेल तर तो अहवाल विसरू नका. टाके दाखवायला जाल त्याच दिवशी अहवाल हातात घ्या आणि फाइलला लावा.